हवामान धोरणावर आकडेवारीने लिहिणाऱ्या पत्रकाराकडे विषय कसा न्यावा? (उदाहरण: महसूल मंडळाचा पाऊस आणि 65 मिमीची अट)

पर्जन्यछाया (धागाकर्ता)

शेतकरी गट, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था, महाविद्यालयांतले भूगोलाचे प्राध्यापक यांच्याकडे हवामानाची मोलाची आकडेवारी पडून असते. पत्रकाराला मात्र मेल जाते ती 'आमच्या तालुक्यात हवामान बदलाचे भीषण परिणाम, कृपया दखल घ्यावी' अशी. आकडेवारीवर काम करणारा पत्रकार अशा मेलचं काहीच करू शकत नाही. त्यात तपासण्याजोगं विधान नसतं आणि कोणाला प्रश्न विचारायचा तेही नसतं.

अशा पत्रकाराला तीन गोष्टी लागतात: सरकारने लेखी दिलेलं एक वाक्य, त्या वाक्याशी थेट भिडणारा एक आकडा, आणि तो आकडा स्वतः पुन्हा काढून पाहता येईल अशी फाइल. पहिली गोष्ट लोक सर्वात जास्त विसरतात. शासन निर्णयातला, नियमातला किंवा विधिमंडळातल्या उत्तरातला मजकूर शेजारी असल्याशिवाय नुसता आकडा धोरणाची बातमी होत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. शेतीच्या नुकसानभरपाईत महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट) 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. मग पंचनामे होतात आणि 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदत मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत ती मदत जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत अशी होती. राज्य वेळोवेळी वेगळ्या निर्णयाने ही रक्कम वाढवतं, म्हणून ज्या हंगामाबद्दल लिहायचं त्या हंगामाचाच शासन निर्णय जोडायचा.

मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र आणि त्याखाली अनेक गावं, अशी रचना आहे. केंद्रावर 58 मिमी पडला आणि आठ किलोमीटरवरच्या ओढ्याकाठी जमीन खरवडून गेली, तर कागदावर ते मंडळ अतिवृष्टीत येत नाही. इथे नियम, मोजमाप आणि माणूस तिन्ही एका ठिकाणी सापडतात, म्हणून हा विषय चांगला.

मेल अशी असावी (रिकाम्या जागा आपापल्या):

'विषय: 65 मिमीची अट: ___ तालुक्यातली ___ मंडळं, खरीप 2021 ते 2024, दैनंदिन पाऊस फाइल जोडली आहे

नमस्कार. ___ तालुक्यातल्या ___ मंडळांत चार खरिपांत 50 ते 65 मिमी पावसाचे ___ दिवस नोंदले गेले. त्यांपैकी ___ दिवसांनंतर ग्रामपंचायतींनी नुकसानीचे अर्ज दिले. त्यांपैकी ___ अर्ज मंडळात अतिवृष्टी न झाल्याच्या कारणाने नाकारले गेले. नकाराची ___ पत्रं जोडली आहेत. आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून घेतले आहेत. ___ दिवसांची नोंद कोरी होती, ते दिवस वगळले आहेत. केंद्रापासून सर्वात दूरचं गाव ___ किमी आहे. बोलायला तयार असलेले तीन शेतकरी आणि एक निवृत्त मंडळ अधिकारी आहेत. आमची संस्था या गावांत पीक नुकसानीवर काम करते, हे हितसंबंध म्हणून नमूद करतो.'

एवढंच. 150 ते 200 शब्द. प्रास्ताविक नको, संस्थेचा इतिहास नको, 'खळबळजनक' तर मुळीच नको.

आकडेमोड

उत्तम धागा. फाइलबद्दल भर घालतो, कारण पत्रकाराचा विश्वास तिथेच बसतो किंवा तुटतो.

एक फोल्डर, तीन फाइली. पहिली मूळ फाइल: संकेतस्थळावरून जशी उतरवली तशी, एकही रकाना न बदलता, उतरवल्याची तारीख नावात घालून. दुसरी स्वच्छ केलेली: एका ओळीत एक मंडळ आणि एक दिवस, रकाने फक्त जिल्हा, तालुका, मंडळ, तारीख, मिमी, शेरा. जोडलेले कप्पे नकोत, रंगांनी अर्थ सांगणं नको. तिसरी साध्या मजकुराची टीप: काय वगळलं, का वगळलं, कोणता आकडा कोणत्या सूत्राने आला.

नेहमी घोटाळे होतात ते असे.

कोरा कप्पा आणि शून्य. केंद्र बंद होतं त्या दिवशी कप्पा कोरा असतो. बेरीज करताना तो शून्य धरला जातो आणि मंडळ कोरडं दिसतं. हवामान विभागाच्या जाळीबद्ध (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा आकडा देणाऱ्या) फायलींत गैरहजर नोंद पावसासाठी -999 आणि तापमानासाठी 99.9 अशी असते. ती न काढता सरासरी घेतली तर उत्तर हास्यास्पद येतं, आणि थोड्याच नोंदी असतील तर चूक डोळ्यांना दिसतही नाही.

तारीख. 05/06 हा 5 जून की 6 मे, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. वर्ष-महिना-दिवस असंच लिहा. देवनागरी अंक असलेले कप्पे एक्सेल बऱ्याचदा मजकूर समजतं, मग ते बेरजेत येत नाहीत आणि चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही.

जुने फाँट. जिल्हा परिषदेच्या किंवा विभागाच्या कितीतरी पीडीएफ कृतिदेव, श्रीलिपीसारख्या फाँटात असतात. कॉपी केलं की अगम्य अक्षरं येतात. आधी युनिकोडमध्ये बदला, मग दहा ओळी मूळ पानाशी डोळ्यांनी पडताळा. परिवर्तकात रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात, म्हणून गावांची नावं विशेष तपासा.

खरीप_रब्बी

65 मिमीच्या उदाहरणात एक शब्दाचा सापळा आहे, तो मेलमध्येच सोडवून द्या.

मदतीच्या भाषेत 65 मिमीच्या वर 'अतिवृष्टी'. हवामान विभागाच्या वर्गवारीत 64.5 ते 115.5 मिमी हा मुसळधार, 115.6 ते 204.4 अति मुसळधार, आणि 204.5 पासून पुढे सर्वात वरची पायरी. तुमची मेल इंग्रजीत लिहिणाऱ्या पत्रकाराकडे गेली आणि 'अतिवृष्टी'चं भाषांतर वरच्या पायरीचं झालं, तर आकडा तिपटीने फुगलेला वाटेल. बातमी छापून आल्यावर अधिकारी तेवढंच एक वाक्य पकडून सगळी बातमी खोटी ठरवतील.

दुसरं, पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी 8:30 हे 24 तास, आणि नोंद पडते ती दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर. 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा 944 मिमी पाऊस दैनंदिन नोंदीत 27 तारखेखाली आहे. शेतकऱ्याच्या अर्जावरची तारीख आणि पावसाच्या फाइलमधली तारीख यांत एक दिवसाचा फरक दिसला की लोक म्हणतात नोंद चुकली. नोंद चुकलेली नसते. दोन्ही तारखा जुळवताना एक दिवस पुढे-मागे पाहणारा रकाना ठेवा आणि टीपेत तसं लिहा.

त्याच दिवशी कुलाब्याला 70 मिमीच्या आसपासच पाऊस होता. एकाच शहरातल्या दोन केंद्रांत एवढी तफावत पडू शकते, म्हणून 'मंडळात एक केंद्र पुरेसं आहे का' हा प्रश्न रास्त ठरतो. पत्रकाराला संदर्भ म्हणून ही दोन ओळींची आठवण द्यायला हरकत नाही.

ओलिताखालचा

आमच्याकडे फक्त तीन वर्षांची मंडळनिहाय नोंद आहे. एवढ्यावर पिच करता येईल का, म्हणजे पत्रकाराला विषय सुचवता येईल का? 'पावसाचं स्वरूप बदललं' असं म्हणायचं आहे.

आकडेमोड

@ओलिताखालचा, तीन वर्षांवर 'बदललं' हे विधान करू नका. हवामानाची सरासरी साधारण 30 वर्षांवर बोलली जाते. महावेधची (मंडळांतली स्वयंचलित) केंद्रं येण्याआधीच्या नोंदी हाताने वाचलेल्या पर्जन्यमापकांच्या आहेत. दोन्ही सलग जोडून कल काढला तर निसर्ग बदलला की उपकरण बदललं, हे सांगता येणार नाही.

पण तीन वर्षांवर अंमलबजावणीची बातमी होते. किती दिवस केंद्र बंद होतं? पावसाची तारीख, पंचनाम्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख यांत किती दिवस गेले? शेजारच्या दोन मंडळांत एकाच दिवशी किती फरक पडतो? अशा मोजणीला 30 वर्षं लागत नाहीत, आणि धोरणावर लिहिणाऱ्याला तीच जास्त कामाची.

दीर्घ कल हवाच असेल तर हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची जाळीबद्ध आकडेवारी मोफत आहे: पाऊस 1901 पासून 0.25 अंशाच्या जाळीवर, तापमान 1951 पासून 1 अंशाच्या जाळीवर. पायथॉन येत असेल तर आयएमडीलिब नावाचं मोफत पॅकेज ती थेट उघडतं. मर्यादा मात्र ओळखा. आपल्या अक्षांशावर पावसाच्या जाळीचा एक चौकोन साधारण 730 चौ.किमीचा. राज्याचं क्षेत्रफळ 3,07,713 चौ.किमी आणि तालुके 358, म्हणजे सरासरी तालुका 860 चौ.किमीचा. तालुक्याला जेमतेम एक चौकोन! मंडळाबद्दल या जाळीवरून काहीही बोलता येत नाही. तापमानाची जाळी तर शंभरावर किलोमीटरची, तिच्यावरून 'आमच्या गावात 2 अंश वाढले' लिहिलं की जाणकार पत्रकार मेल तिथेच बंद करतो.

बातमीमागची

संपादनाच्या टेबलावरून काय दिसतं ते लिहिते.

माझ्या मते मेलमधली सर्वात किमती ओळ म्हणजे 'आमच्या निष्कर्षाला छेद देणारं काय आहे'. चार मंडळांत अटीमुळे लोक वंचित राहिले आणि दोन मंडळांत केंद्राने गावापेक्षा जास्त पाऊस दाखवल्याने लोकांना लाभ झाला, तर ते दोन्ही लिहा. पत्रकार शोधणारच आहे. तुम्ही लपवलेलं त्याला सापडलं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

एकाच वेळी सात जणांना मेल टाकू नका. एकाला द्या आणि स्पष्ट लिहा: 'अमुक तारखेपर्यंत फक्त तुमच्याकडे आहे.' साधारण आठवडाभरात उत्तर नसेल तर एकच आठवण, त्यात नवं काही असेल तर उत्तम. मग पुढच्याकडे जा, आणि पहिल्याला तसं कळवा. 'प्रसिद्धीपूर्व बंधन' म्हणजे अमुक वेळेआधी छापू नये ही अट. ती समोरच्याने मान्य केल्यावरच फाइल पाठवायची असते. फाइल पाठवून वर अट लिहिली तर ती पाळायला तो बांधील नाही.

छापण्याआधी लेख दाखवा, अशी मागणी करू नका. मात्र 'आमच्या आकड्यांची वाक्यं फोनवर वाचून दाखवाल का' हे विचारणं योग्य आहे, आणि चांगले पत्रकार आनंदाने दाखवतात.

कोणाकडे जायचं ते त्यांचं आधीचं काम वाचून ठरवा. शेवटचे पाच लेख पाहा: त्यांनी आकडे कुठून घेतले, पद्धत लिहिली का, ग्रामीण विषय घेतात का. इंडियास्पेंड, मोंगाबे-इंडिया, कार्बनकॉपी, डाउन टू अर्थ इथे आकडेवारीसह सविस्तर लेखन होतं. स्थानिक आवृत्तीच्या बातमीदाराला मात्र तेच साहित्य वेगळ्या रूपात लागतं: तालुक्याचा एक आकडा, एक गाव, तहसीलदारांना विचारायचा एक प्रश्न.

वेळही पाहा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, हवामान विभागाचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला आणि सुधारित मेअखेरीस. मंडळ-केंद्रांचा विषय मे महिन्यात दिला तर पावसाआधी प्रश्न विचारता येतो. सप्टेंबरमध्ये पूर सुरू असताना दिला तर तो पुराच्या बातम्यांत वाहून जातो.

कलम_चार

माहिती अधिकाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत हवा. लोक एका अर्जात पाऊस, पंचनामे, निधी आणि अधिकाऱ्यांचे दौरे असं सगळं कोंबतात आणि पहिल्याच पायरीवर अडतात. मंडळाच्या विषयासाठी तीन स्वतंत्र अर्ज करा: केंद्र बंद असल्याच्या दिवसांची यादी, पंचनाम्यांची मंडळनिहाय संख्या तारखांसह, आणि मदत वाटपाच्या तारखा. शुल्क प्रत्येकी 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, शुल्क 20 रुपये. दुसऱ्या अपिलाला 90 दिवस.

'माहिती एक्सेल स्वरूपात ईमेलने द्यावी, कलम 2(ञ)' असं स्पष्ट मागा. न मागितल्यास छायाप्रती येतात आणि 400 पानं हाताने टंकित करावी लागतात. उत्तर आलं की जावक क्रमांकासह पूर्ण पत्र स्कॅन करून पत्रकाराला द्या. फक्त तक्ता दिला तर तो कोणाचा, हे सिद्ध होत नाही.

लाभार्थ्यांची नावं, आधार आणि खाते क्रमांक पुढे पाठवू नका. गाव, गट आणि रक्कम पुरेशी असते. आतल्या माणसाने कागद दिला असेल तर कार्यालयाच्या मेलवरून काहीही फिरवू नका, आणि फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं ते काढा. एक्सेलमध्ये 'फाइल', मग 'इन्फो', मग 'चेक फॉर इश्यूज', मग 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. शेताचे फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर स्थान आणि वेळेची नोंद निघून जाते. पुरावा म्हणून द्यायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. उलट, ज्याची ओळख जपायची आहे त्याच्या फोटोतली तीच नोंद आधी पुसा.

मेगावॅट

मंडळाबाहेरचं एक उदाहरण, कारण ऊर्जेच्या पिचमध्ये एकच चूक वारंवार दिसते: क्षमता आणि वीज यांची सरमिसळ.

जून 2025 अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं, हे खरं आहे. पण प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत तो वाटा साधारण पावच आहे, कारण सौर पॅनेल रात्री बंद असतं आणि कोळशाचा संच दिवसरात्र चालतो. मेगावॅट आणि दशलक्ष युनिट हे दोन वेगळे रकाने ठेवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक अहवाल दोन्ही देतात.

सौर कृषी पंपांच्या विषयातही 'अर्ज', 'मंजूर', 'हिस्सा भरला', 'बसवला' आणि 'चालू आहे' हे पाच वेगळे आकडे असतात. घोषणेतला आकडा यातला कोणता, हे शोधून काढणं हेच अर्धं काम. शेवटचा आकडा सरकारकडे क्वचितच मिळतो, तो गावात जाऊन मोजावा लागतो. तुमच्याकडे 60 पंपांची अशी मोजणी असेल (3, 5 की 7.5 अश्वशक्ती, बसवल्याची तारीख, बंद असल्यास कारण, तक्रार क्रमांक) तर तीच तुमची बातमी. गावं कशी निवडली ते मात्र लिहा. तक्रार आली तिथेच गेलात तर 60 पैकी 40 बंद निघणारच.

किनारपट्टी

उष्णतेच्या लाटेबद्दल थोडक्यात. मैदानी केंद्रावर किमान 40 अंश, किनाऱ्यावर 37, डोंगराळ भागात 30, आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त असा निकष आहे. मैदानात 45 झालं तर सरासरी न पाहताही लाट. घोषणेसाठी हवामान विभागाच्या उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तशी स्थिती लागते. म्हणून 'आमच्याकडे 41 असून लाट जाहीर झाली नाही' ही आपोआप चूक ठरत नाही. आर्द्रता या निकषात नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या मजुरांच्या त्रासाचा विषय तिथून उभा राहतो.

आणि उपविभागांची नावं पाहून घ्या: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. कोकणाचा म्हणून घेतलेल्या आकड्यात गोवा मिसळलेला असतो. मोसमी पावसाची देशाची सरासरीही 2022 पासून 1971 ते 2020 वर काढतात, 87 सेंटिमीटर. आधी ती 88 होती. जुन्या बातमीतली टक्केवारी आणि नवी शेजारी ठेवताना हे लिहायलाच हवं.

ओलिताखालचा

सर्वांचे आभार. मोजणीचाच विषय घेतो. एक अडचण: पावसाच्या फाइलमध्ये मंडळांची स्पेलिंगं एक, पंचनाम्याच्या यादीत दुसरी, आणि जिल्ह्याचं नावही मध्येच बदललं. जुळवायचं कसं?

आकडेमोड

नावावर जुळवू नका, क्रमांकावर जुळवा. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका, गाव यांना कायमचे संकेतांक आहेत. आधी एक वेगळी तक्ता-फाइल करा: डावीकडे प्रत्येक यादीत जसं लिहिलंय तसं नाव, उजवीकडे संकेतांक. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर या जोड्या एकाच संकेतांकाखाली येतील. पालघर वेगळं: तो 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून निघाला, तिथे नाव बदललेलं नाही, हद्द बदलली आहे. 2014 आधीचं ठाणे आणि नंतरचं ठाणे यांची थेट तुलना चालणार नाही. जुन्या वर्षांचे आकडे तालुक्यांवरून पुन्हा बेरीज करून घ्यावे लागतील.

मंडळ मात्र महसुली घटक, तो त्या निर्देशिकेत गावासारखा सापडेलच असं धरू नका. गावाच्या संकेतांकावरून मंडळाकडे जा. गाव-मंडळ यादी तहसील कार्यालयातून त्याच वर्षाची घ्या, कारण मंडळांची फेररचना होते. न जुळलेल्या ओळी टाकून देऊ नका, वेगळ्या पानावर ठेवा आणि किती उरल्या तो आकडा मेलमध्ये लिहा.

ओलिताखालचा

कळलं. गाव-मंडळ यादीसाठी सोमवारी तहसीलमध्ये अर्ज देतो. न जुळलेल्या ओळींचं पान तयार झालं की रकान्यांची नावं इथे टाकतो, पाठवण्याआधी तुम्ही नजर टाका.